दारू सुटली, पण डोक्यातला 'तू बेवडाच' म्हणणारा आवाज का सुटत नाही?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट भरात होती, लॉकडाऊन लागला होता आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारूची दुकानं बंद होती. त्याच दिवसांत वणीची एक बातमी देशभर गेली. दारू मिळेना म्हणून काही जणांनी हाताला लावायचं सॅनिटायझर प्यायलं होतं. किमान सहा जणांचा जीव गेला.

बातमी वाचून बहुतेकांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की इतकी कसली तलफ? सॅनिटायझर पितं का कोणी?

त्याचं उत्तर डॉक्टरांकडे आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली, की शरीर बंड करतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना त्यानंतर भास होतात, माणूस काहीबाही बरळायला लागतो. याला विड्रॉवल म्हणतात आणि तो जीवावरही बेतू शकतो. म्हणूनच खूप पिणाऱ्याने घरच्या घरी, एका झटक्यात दारू तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडावी, असं सांगितलं जातं. औषधं मिळाली तर हा त्रास आठवड्याभरात बराचसा निवळतो.

पण त्यानंतर एक दुसरा त्रास सुरू होतो. तो बाहेरून दिसत नाही आणि सोनोग्राफीतही येत नाही. दारू सोडलेल्या माणसाच्या डोक्यात एक आवाज दिवसरात्र बोलत असतो, आणि तो त्याच्याबद्दल एकही चांगला शब्द बोलत नाही.

हा आवाज काय म्हणतो?

समजा, आर्णी तालुक्यातल्या एखाद्या गावातला पस्तिशीतला माणूस आहे. तीन एकर कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. बारा वर्षं दारू प्यायला. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आता गावी परतलाय. दारू सोडून चाळीस दिवस झालेत.

सकाळी तो चौकातल्या टपरीवर चहाला जातो. बाकड्यावरचा एक जण हसत विचारतो, "काय भाऊ, अजून टिकून हायेस काय?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. हा पण हसतो, "हो" म्हणतो, चहा संपवतो. मात्र टपरीपासून घरापर्यंतच्या पाच मिनिटांत डोक्यात जे चालतं ते साधारण असं असतं:

"कोणाले दाखवू राह्यला तू? पंधरा दिवसांनी पडशीनच नालीत."

"बायकोची पोत गहाण टाकली तेव्हा नाही आठोलं हे?"

"पोरगी बोलत नाही तुह्याशी. बोलनारही नाही."

"आजवर कोणतं काम पुरं झालं तुह्यानं?"

यातलं काही खरं आहे, हीच खरी अडचण. पोत खरंच गहाण पडली होती. पोरगी खरंच बोलत नाही. आवाज खऱ्या गोष्टींचं बोट धरून येतो आणि त्यांच्यात दोन खोट्या गोष्टी बेमालूम मिसळून देतो. एक, 'तू असाच आहेस'. दुसरी, 'तू असाच राहणार'. पहिलं लेबल, दुसरी भविष्यवाणी. पोत गहाण टाकणं ही घडलेली घटना आहे. पंधरा दिवसांनी नालीत पडणं ही अजून घडलेलीच नाही. पण डोक्यात दोन्ही एकाच सुरात, एकाच खात्रीने ऐकू येतात.

आणि या आवाजाचा एक भाऊ आहे. तो गोड बोलतो. "चाळीस दिवस काढले ना? मग एका क्वार्टरनं काय होते? आज लई टेन्शन हाये." लोकांना वाटतं, मोहाचा हा गोड आवाजच काय तो धोक्याचा. प्रत्यक्षात दोघं जोडीने काम करतात. पहिला दिवसभर बदडतो, संध्याकाळी दुसरा मलम घेऊन येतो. दिवसभर स्वतःच्याच शिव्या खाल्लेल्या माणसाला त्या मलमाची गरज वाटली, तर त्यात नवल काही नाही.

पण हे शब्द आले कुठून?

दारू पिणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. बेवडा, दारुड्या, पेताड, टुन्न पार्टी. गावागणिक आणखी निघतील. आता दारू सोडलेल्या माणसासाठी एक शब्द शोधून बघा. रोजच्या बोलण्यातला, एका शब्दाचा. सापडत नाही. 'दारू सुटलेला', 'पूर्वी प्यायचा तो' अशी शेपटी लावावी लागते. म्हणजे पिणं सोडलं तरी माणसाला जायला नवं नाव नाही. गावात तो जुन्याच नावाने फिरतो आणि डोक्यातही तेच नाव वाजत राहतं.

हा आवाज माणसाचा स्वतःचा नसतो, तो उसना असतो, असं म्हणतात ते याच अर्थाने. नीट कान देऊन ऐकलं तर त्यातली वाक्यं ओळखू येतात. एक वाक्य वडिलांचं असतं, एक सासऱ्याचं, एक सोसायटीच्या सचिवाचं, एक वैतागून गेलेल्या बायकोचं. बोलणारे बोलून विसरले. ऐकणाऱ्याने ते जपून ठेवलं, आणि आता स्वतःच्याच आवाजात स्वतःला ऐकवतोय.

हे ज्यांनी महाराष्ट्रात फार आधी ओळखलं, त्यात पुण्याच्या मुक्तांगणचं नाव घ्यावं लागतं. पुण्यातली पोरं ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या आहारी जात होती तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याच्या प्रमुख होत्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट. बरे झालेले काही रुग्ण पुढे तिथेच कामाला लागले, समुपदेशक झाले. नव्याने आलेल्या माणसाला समोर बसलेला समुपदेशक 'मीही इथेच, तुझ्यासारखाच आलो होतो' असं सांगतो तेव्हा डोक्यातल्या भविष्यवाणीला पहिला तडा जातो. 'तू असाच राहणार' या वाक्याविरुद्धचा पुरावा समोर खुर्चीत बसलेला असतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली तीही याच पायावर. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी बोलायचं.

लाज वाटली की दारू सुटते का?

आपल्याकडे एक पक्का समज आहे. माणसाला पुरेशी लाज वाटली की तो सुधारतो. म्हणून चारचौघांत बोललं जातं, पोरांसमोर बोललं जातं. दारू सोडलेला माणूसही हेच तंत्र स्वतःवर वापरतो. त्याला वाटतं, मी स्वतःला शिव्या घालत राहिलो तर धाकात राहीन.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल रँडल्स आणि जेसिका ट्रेसी या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. नुकतीच दारू सोडलेल्या लोकांना त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि एकच विचारलं, शेवटचं प्यायलात आणि त्याबद्दल वाईट वाटलं, तो प्रसंग सांगा. मग चित्रीकरणात त्यांच्या शरीराकडे पाहिलं. खांदे पडलेत का, छाती आत गेली आहे का. काही महिन्यांनी पुन्हा चौकशी केली. ज्यांच्या देहबोलीत लाज जास्त दिसली होती, त्यांच्यात पुन्हा पिणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं, आणि जे प्यायले त्यांच्यात ज्यांची लाज जास्त ते जास्त प्यायले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट विशेष आहे. लोकांनी तोंडाने आपल्या लाजेबद्दल काय सांगितलं, त्यावरून पुढचा अंदाज येत नव्हता. शरीर जे सांगत होतं त्यावरून येत होता.

इथे लाज आणि पश्चात्ताप यांची गल्लत करून चालत नाही. 'मी पोत गहाण टाकली, ते चुकलं' हा पश्चात्ताप. त्यातून काहीतरी करता येतं, पैसे साठवून पोत सोडवून आणता येते. 'मी पोत गहाण टाकणारा नालायक माणूस आहे' ही लाज. नालायक असण्यावर करण्यासारखं काही उरत नाही. तोंड लपवावंसं वाटतं, आणि तोंड लपवायची सगळ्यात ओळखीची जागा म्हणजे भट्टी किंवा बार.

हेच चक्र घसरण्याच्या वेळी सगळ्यात जास्त घात करतं. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. मटण शिजतं, बाटल्या फुटतात. दोनशे दिवस कोरडा राहिलेला आपला माणूस त्या संध्याकाळी मित्रांच्या आग्रहाने एक ग्लास घेतो. एक ग्लास. वैद्यकीयदृष्ट्या तो तिथे थांबला आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला फोन केला, तर बरंच काही वाचतं. व्यसनमुक्तीच्या भाषेत याला स्लिप म्हणतात, पाय घसरणं. पण त्या ग्लासानंतर डोक्यातला आवाज म्हणतो, "झालं? दाखोली ना औकात? आता गेलंच सगळं, तं पे पोटभर." आणि पुढचे पंधरा दिवस तो शुद्धीवर येत नाही.

पंधरा दिवस त्या एका ग्लासाने घेतले, की ग्लासानंतरच्या वाक्याने?

वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर १९८५ मध्ये काढलेल्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की घसरण्यामागचं कारण माणूस काय लावतो त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. 'माझ्यात दमच नाही' असं कारण लावणारा खोल जातो. कारण दम नसणं उद्याही तसंच राहणार. 'करीच्या दिवशी त्या बैठकीत जायला नको होतं' असं कारण लावणारा लवकर सावरतो, कारण पुढच्या वर्षी त्या बैठकीत न जाणं त्याच्या हातात आहे.

आपल्याकडची शपथ इथेच अडचणीत आणते. देवापुढे नारळ फोडून, पोराच्या डोक्यावर हात ठेवून, गळ्यात माळ घालून कितीतरी जणांनी दारू सोडली आहे, आणि अनेकांची ती कायमची सुटली आहे. माळेची ताकद कमी लेखण्याचं कारण नाही. पण शपथ मोडते तेव्हा तिचं वजन उलटं पडतं. प्यायल्याची लाज होतीच, आता देवाला आणि पोराला फसवल्याची लाज वर येऊन बसते. शपथ द्यायची घाई करणाऱ्या घरच्यांनी ती मोडली तर काय करायचं हेही त्याच दिवशी बोलून ठेवलं, तर बरं.

मग या आवाजाशी बोलायचं तरी कसं?

सोशल मीडियावर याचं एक सोपं उत्तर फिरत असतं. आरशासमोर उभं राहा आणि म्हणा, मी सर्वोत्तम आहे, मी काहीही करू शकतो. मागे ढोल-ताशा, पुढे वाघाचा फोटो.

कॅनडाच्याच वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा वाक्यांची परीक्षा घेतली. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य घोकून थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. ते साहजिक आहे. चाळीस दिवसांपूर्वी नालीत पडलेल्या माणसाने 'मी सर्वोत्तम आहे' म्हटलं, तर पहिला हसतो तो त्याच्याच डोक्यातला आवाज.

म्हणून कडू वाक्याच्या जागी गोड वाक्य बसवून उपयोग नाही. खरं वाक्य बसवावं लागतं. हे शिकवणारी पद्धत मराठी वाचकांना अगदीच अनोळखी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी आपल्याकडे आणली आणि वर्षानुवर्षं शिकवली. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही अनेकांनी वाचली असेल. एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाच्या कृतीला चांगलं-वाईट म्हणा, खुशाल म्हणा, पण अख्ख्या माणसाला एक शिक्का मारू नका. कारण माणूस ही हजारो कृतींची बेरीज आहे आणि ती बेरीज अजून चालू आहे.

प्रत्यक्षात हे करायचं म्हणजे वही-पेन घेऊन बसायचं. डोक्यात जे वाक्य आलं ते जसंच्या तसं, आपल्या बोलीत लिहायचं. 'तुह्यानं आजवर कोणतं काम पुरं झालं?' लिहिलं की ते वाक्य डोक्याबाहेर येतं आणि थोडं लहान होतं. मग त्याला कोर्टात उभं करतात तसे प्रश्न विचारायचे. हे पहिल्यांदा कोण म्हणालं होतं? यातलं घडलेलं किती, अंदाज किती? 'आजवर' आणि 'कोणतंच' हे शब्द खरे आहेत का? मागच्या हंगामात कपाशीची वेचणी झाली ती कोणी केली? केंद्रातले तीस दिवस पूर्ण कोणी केले?

त्याखाली जे नवं वाक्य उरतं ते साधारण असं असतं: 'मी बरीच कामं अर्धवट सोडली. उपचार पूर्ण केले. चाळीस दिवस प्यायलो नाही. उद्याचं माहीत नाही, आज पिणार नाही.' हे वाक्य स्टेटसला ठेवण्यासारखं भारी नाही. पण डोक्यातला आवाज त्याला हसू शकत नाही, कारण त्यात खोटं काही नाही.

वही-पेन जमत नसेल, अक्षरओळख नसेल, तर तोंडाने करायचा एक उपाय आहे. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की ताणाच्या प्रसंगी 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून बोललं तर माणूस स्वतःकडे जरा लांबून बघतो आणि घाबरणं कमी होतं. आपल्याकडची म्हातारी माणसं शेतात एकटी असताना स्वतःच्याच नावाने स्वतःशी बोलतात, लोक त्याला चळ लागलं म्हणतात. 'गजानन, आज बाजाराचा दिवस हाये, त्या रस्त्यानं जाऊ नको' असं एखाद्या गजाननाने स्वतःला सांगणं यात चळ काही नाही.

वेळही बघावी लागते. हा आवाज चोवीस तास सारखा मोठा नसतो. पोट रिकामं असताना, राग आलेला असताना, एकटं असताना आणि थकलेलं असताना तो वाढतो, हे व्यसनमुक्ती केंद्रांत पहिल्या आठवड्यातच शिकवतात. दारू सोडल्यावर झोपेची घडी बसायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे रात्री दोन-अडीचची वेळ फार वाईट. त्या वेळी आयुष्याचा हिशेब मांडायला बसू नये. उठून पाणी प्यावं, काहीतरी खावं, कोणाला तरी उठवावं. रात्री अडीचला निघालेला निष्कर्ष सकाळी चहाबरोबर तपासला तर बहुतेकदा टिकत नाही.

हे काम फक्त मोठ्या डॉक्टरांचं आहे का?

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले देशात सुमारे ५.७ कोटी लोक आहेत. दारूचं व्यसन जडलेल्या साधारण ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळतो. उरलेले ३७ आपापल्या डोक्यातल्या आवाजासोबत एकटे.

यावर गोव्यातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 'संगथ' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलण्यासाठी स्थानिक लोक तयार केले. ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. त्यांना शिकवलं ते न रागावता ऐकायला, आणि तलफ, आग्रह, राग यांना तोंड कसं द्यायचं हे समोरच्याबरोबर बसून ठरवायला. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर या पुरुषांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली हे निष्कर्ष छापून आले. हे पुरुष पूर्ण व्यसनात अडकलेले नव्हते, त्याच्या अलीकडच्या पायरीवर होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण दहा टक्क्यांचा हा फरक कुठल्या महागड्या औषधाने पडला नव्हता.

यवतमाळच्या एका बाजूला वर्धा, जिथे कित्येक दशकं दारूबंदी आहे. दुसऱ्या बाजूला चंद्रपूर, जिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळमध्येही 'स्वामिनी' आंदोलनाच्या महिलांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले. बंदी असावी की नसावी हा वाद मोठा आहे आणि तो इथे मिटणार नाही. पण गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तरी सोडलेल्या माणसाच्या डोक्यातली बाटली उभीच असते. तिथे मतदान होत नाही.

घरच्यांनी काय बोलावं?

उशीर झाला की तोंडाचा वास घेणं. पैसे दिले की दोनदा मोजणं. 'आज नक्की कामावरच गेला होता ना?' हे सगळं समजण्यासारखं आहे. बारा वर्षं फसवणूक सोसलेल्या बाईने चाळीस दिवसांत विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची. विश्वास मागून मिळत नाही, आणि तो मिळत नाही म्हणून चिडणाऱ्या नवऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं.

पण शंका घेणं वेगळं आणि शिक्का मारणं वेगळं. 'मला भीती वाटते, तू उशिरा आलास की मला जुनं आठवतं' हे वाक्य खरं आहे आणि ऐकणाऱ्याला त्यावर काही करता येतं. उशीर होणार असेल तर फोन करता येतो. 'तुझं काही खरं नाही' या वाक्यावर काहीच करता येत नाही.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. असाच आवाज बायकोच्याही डोक्यात असतो. 'माझंच काही चुकलं', 'मी बरी असते तर हा प्यायलाच नसता.' सासरच्यांनी आणि कधी माहेरच्यांनीही तो तिथे पेरलेला असतो. मुक्तांगणने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला तो यामुळेच. नवऱ्याच्या दारूचं कारण आपण नाही, हे तिथे एका बाईला दुसऱ्या बाईकडून ऐकायला मिळतं.

जाता जाता खर्र्याबद्दल. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा सोडणाऱ्याला कोणी नालायक म्हणत नाही. तिथे आवाज वेगळाच असतो: 'खर्र्यानं का होते? दारू तं नाही ना पेत.' दारूला अतोनात लाज आणि खर्र्याला अजिबात नाही. तोंडाच्या कॅन्सरला हा फरक कळत नाही.

आवाज मरणाबद्दल बोलायला लागला तर?

तेव्हा वही-पेन बाजूला ठेवायचं. 'मी नसतो तर घरचे सुखात असते' असं वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं, झोप आणि भूक गेली, कशातच मन लागेना, तर ती स्वतःशी बोलण्याची वाईट सवय नसून नैराश्याचा आजार असू शकतो. दारू सोडल्यानंतर तो अनेकांना गाठतो आणि त्याला औषध आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव देशाला माहीत झालं, तिथे हे वाक्य कोणी हलक्यात घेऊ नये. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे. घरच्या माणसाने असं काही ऐकलं तर 'असं बोलू नये' म्हणून गप्प करण्यापेक्षा सरळ विचारावं, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने विचार डोक्यात भरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते.

आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे का?

करीच्या दिवशी घसरलेल्या आपल्या माणसाकडे परत येऊ. एएमध्ये आणि बऱ्याच केंद्रांत पद्धत अशी, की प्यायलं की दिवसांची मोजणी नव्याने. दोनशेवरून थेट एक. नियम म्हणून तो ठीक आहे, त्यात प्रामाणिकपणा आहे. मुक्तांगणमध्ये दारू सोडल्याचे वाढदिवस साजरे होतात आणि त्यांना मान असतो तो या काटेकोरपणामुळेच.

पण डोक्यातला आवाज या मोजणीचा वेगळाच अर्थ लावतो. त्याच्या मते दोनशे दिवस पाण्यात गेले. हिशेब मात्र तसं सांगत नाही. त्या २०१ दिवसांपैकी २०० दिवस माणूस प्यायला नाही. त्या २०० दिवसांत यकृताला मिळालेली विश्रांती परत जात नाही. घरात गेलेली मजुरी परत जात नाही. दोनशे संध्याकाळी 'नाही' कसं म्हणायचं हे जे शिकला, तेही एका ग्लासात बुडत नाही. वहीत आज 'दिवस १' लिहायचं, आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात 'एकूण २००' हेही लिहून ठेवायचं. दोन्ही आकडे खरे आहेत.

मग समुपदेशकाला फोन लावायचा. तो पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारेल, की ग्लास हातात घेण्याआधी तासभर डोक्यात काय चाललं होतं?